बर्फाच्या कप्प्यातलं औषध

डॉक्टरांनी गोठलेली पिवळी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "बर्फाच्या कप्प्यात कोणी ठेवली?" मीच ठेवली होती. कोरोनानंतर माझ्या मुलाच्या नाकातली काळी बुरशी डोळ्यापर्यंत गेली होती आणि गोळ्यांना दाद देत नव्हती. दवाखान्याचा फ्रीज बंद पडलेला, म्हणून अकोल्याहून हातापाया पडून आणलेल्या सहाही बाटल्या मानोऱ्याला घरी नेल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, खालच्या कप्प्यात ठेवा म्हनते." मी म्हटलं, "तुले लय समजते. वर दूध टिकते, तं दवाई काहून नाही टिकत?" डॉक्टर म्हणाले, "हे औषध चरबीच्या अतिबारीक थेंबांत भरलेलं असतं. ते थेंबच त्याला बुरशीपर्यंत नेतात आणि किडनी वाचवतात. गोठल्यावर थेंब फुटतात." त्यांनी बाटल्या बादलीत टाकल्या. एका डोळ्याला पट्टी बांधलेला मुलगा हसला. "माय, माह्या दवाईची कुल्फी केली का?" तशा बाटल्या पुन्हा मिळाल्या नाहीत. थेंबांशिवायचं साधं औषध दिलं, त्यानं आधी त्याच्या किडन्या गेल्या, मग तो. आता सून दूधसुद्धा खालच्या कप्प्यात ठेवते. कोरोना घरात तिघांनाही झाला होता. मी आणि सून वाचलो.