न केलेली गृहभेट

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही—आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नव्हतं, मी चपला कशा काढतो त्यावरून तिला माझा दिवस कळायचा. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता जळगावात दोन खोल्या आहेत, टीव्ही आहे, आणि कधीकधी दिवसभरात एक शब्दही बोलावा लागत नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मला सांगायचंच नव्हतं.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. मी तेव्हा परिवीक्षा अधिकारी होतो. पदाचं नाव भारदस्त; काम म्हणाल तर एस.टी.चे धक्के खाणं आणि कागद लिहिणं. धुळ्यात निराधार मुलींची एक संस्था होती, ती माझ्याकडे होती. अठरा पूर्ण झाली की मुलीला तिथून निघावं लागे. निघून जायचं कुठं? नातेवाईक न्यायला तयार असतील तर त्यांच्याकडे. नसतील तर अनुरक्षणगृहात—म्हणजे अठरा पार केलेल्या मुलींना दोन-तीन वर्षं राहायला जागा आणि हाताला काही काम शिकवणारी सरकारी सोय. पण तिथल्या जागा मोजक्या, म्हणून आधी नातेवाईक बघायचे. ते बघायचं काम माझं. त्या घरी जायचं, माणसं कशी आहेत, मुलगी निजेल कुठं, हे डोळ्यांनी पाहायचं आणि अहवाल लिहायचा. याला आम्ही गृहभेट म्हणायचो. माझ्या एका पानावर त्या मुलीचं छप्पर ठरायचं.

आणि मी अहवाल छान लिहायचो हो! संस्थेच्या अधीक्षिका—सगळे त्यांना अक्का म्हणत—त्या म्हणायच्या, "तुमचा अहवाल वाचला की घर डोळ्यांपुढे उभं राहतं." मला गुदगुल्या व्हायच्या.

तिचं नाव मी इथं सुमन ठेवतो. खरं नाव लिहायला हात धजत नाही—बघा, अजूनही पळवाट शोधतोच आहे. सातव्या वर्षी संस्थेत आली होती. आईबाप नाहीत. सावद्याच्या पुढे एका खेड्यात मामा, केळीच्या बागांत मजुरीला जाणारा. त्याचं एक पत्र फायलीत होतं, दोन वर्षांपूर्वीचं: पोरगी मोठी झाली की पाठवा, आम्ही सांभाळू.

मे महिना होता. खानदेशातला मे, तुम्हांला काय सांगायचं? धुळ्याहून भुसावळपर्यंत आलो तेव्हाच डोकं भणभणत होतं. पुढे सावदा, आणि सावद्याहून तीन-चार मैल पायी. भुसावळजवळच दीपनगरला माझा एक मित्र वीज केंद्रात नोकरीला होता. त्याच्या क्वार्टरमध्ये कूलर होता. म्हटलं, अर्धा दिवस टेकू. दोन दिवस राहिलो. आमरस हाणला, पत्ते खेळलो, दुपारी ओल्या वाळ्याच्या वाऱ्यात घोरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच टेबलावर बसून मी गृहभेटीचा अहवाल लिहिला.

घर मातीचं पण सारवलेलं, असं लिहिलं. मुलीला निजायला आतला कोपरा आहे. मामा कष्टाळू, मामी प्रेमळ वाटली. दारात कडुनिंब आहे, सावली चांगली पडते. कडुनिंब कशाला लिहिला मी? कुणी विचारला होता? पण लिहिताना रंगून जायची खोड, त्याला काय करणार.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, आळस केला, झालं. असे अहवाल काय मी एकट्यानेच लिहिले? मीही कित्येक वर्षं मनाला हेच सांगून पाहिलं. पण हे एवढंच नाही.

संस्थेत गेलो तर सुमन व्हरांड्यात माझी वाट बघत उभी. अकरा वर्षांत तिला भेटायला कुणी आलेलं नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "भाऊसाहेब, मन्ही याद शे का मामीले?"

माझी आठवण आहे का मामीला—एवढंच. मी "आहे" म्हणून पुढे जाऊ शकत होतो. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला दाता व्हायची हुक्की आली. मी म्हणालो, "आहे तर! म्हणाली, पोरीले लवकर धाडा." मामीचा आवाजसुद्धा काढला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या संस्थेला पाठ झालं होतं.

त्या महिन्यात अनुरक्षणगृहात एक जागा रिकामी होती. यादीत पहिलं नाव सुमनचं. माझ्या अहवालावरून अक्कांनी ते खोडलं आणि जागा दुसऱ्या मुलीला गेली. ती मुलगीही गरजूच होती, पण तिचा आडोसा मी घेणार नाही.

निघताना अक्कांनी सुमनची ओटी भरली—खण, नारळ, सासरी पाठवावी तशी. बाकीच्या पोरी रडल्या. पत्र्याची पेटी घेऊन मीच तिला स्टँडवर सोडलं. बसमध्ये चढण्याआधी ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

चौथ्या दिवशी ती परत आली. मी अक्कांच्या समोर बसलो होतो. ती दारात, पेटी हातात, पायांवर धूळ. मला पाहून तिला इतकं हायसं वाटलं—ते मला अजून दिसतं. म्हणाली, "भाऊसाहेब, मी चुकनी. दुसऱ्याच गावले गयी. त्या नावना दुसरा मानूस व्हता तठे, तो मरी गया. मन्हा मामानं गाव परत सांगा ना."

कळलं तुम्हांला? ती बरोबर गावाला गेली होती. मामा आदल्या पावसाळ्यात वारला होता, मामी पोरांना घेऊन सुरतेकडे गेली होती. लोकांनी तिला हे सगळं सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही. कारण मी तिच्या मामाला जिवंत पाहून आलो होतो.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मी गेलोच नव्हतो"—एवढं म्हणायचं होतं. काय झालं असतं? मेमो मिळाला असता. फार तर निलंबन. माझं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी नोकरी बघून होकार दिला होता. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरून गेलं. आणि मी म्हणालो, "मी स्वतः भेटून आलोय, अक्का. ही तिथं गेलीच नसेल."

एवढ्यावर तरी थांबावं? मीच पुढे बोललो, "तीन रात्री कुठं होती, ते विचारा."

संस्थेतली मुलगी, अठरा वर्षांची, तीन रात्री. अक्कांच्या मनात काय येईल ते मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. अक्का वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पदरात चाळीस लहान मुली होत्या. त्या म्हणाल्या, "तुझं नाव कमी झालंय बाळ, आता ठेवता येणार नाही." सुमन माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. मला काहीतरी आठवेल आणि मी सगळं सरळ करीन, अशी वाट बघत होती ती. मी फायलीची पानं उलटत राहिलो. मग तिनं पेटी उचलली. फाटकाची कडी वाजली तेव्हा मी मान वर केली.

पुढच्या महिन्यात अनुरक्षणगृहात पुन्हा जागा निघाली. तिला शोधून मी शिफारस करू शकत होतो, पण तिची फाईल उघडली असती. केली नाही. ती कुठं गेली, मला माहीत नाही. तिच्या वयाची बाई स्टँडवर दिसली की मी आजही दुसरीकडे बघतो.

सहा वर्षांनी रावेरला कामासाठी गेलो असताना सावद्याला उतरलो आणि त्या खेड्यापर्यंत चालत गेलो. का गेलो, मलाच उमगलं नाही. मामाच्या घराशेजारी एक म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला सगळं आठवत होतं.

"आली होती ना एक पोरगी. तीन रात्री माह्याच जवळ निजली. दिवसा आजूबाजूच्या गावांत मामाचं घर पाहत फिरे. लय गुणाची होती." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही कोन तिचे?"

मी म्हणालो, केळीच्या व्यवहारासाठी आलोय. तिनं चहा केला, तो मी प्यायलो.

अक्का तेव्हा अजून त्याच संस्थेत होत्या, त्याच खुर्चीत. सुमनचं नाव निघालं की त्या उसासा टाकायच्या आणि म्हणायच्या, चांगली पोरगी हो, पण वाया गेली. त्यानंतरही त्यांनी ते माझ्यासमोर कितीदा तरी म्हटलं. सुमन त्या तीन रात्री कुठं होती, हे मला माहीत होतं. मी मान डोलवायचो.