वजन उतरलं तर या

माझ्या नणंदेचं वजन आम्ही धान्याच्या काट्यावर करत होतो. कळंबच्या आडतीत पोती तोलायचा तो मोठा काटा. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा दुसरा काटा होता कुठं? निजामाचं राज्य गेलं, शेर जाऊन किलो आले, पण माणूस तोलायचं यंत्र काही आमच्या गावात आलं नव्हतं.

वन्सं एकोणीस वर्षांच्या. आधी बोटांचे सांधे धरले, मग केस गळाले, मग नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटला. अंगात सारखा बारीक ताप. कुणी नजर म्हणालं, कुणी करणी. मी सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं. यजमान शाळेत मास्तर होते. त्यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं एसटीनं सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ल्युपस असं नाव सांगितलं. बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि घरात रांधणारी म्हणून मला बजावलं, "हा रोग आत जोर करायला लागला की भूक जाते, अंग झडतं. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरलं तर लगेच या."

झालं! तेवढंच वाक्य मी गाठीला बांधलं. दुपारी आडत ओस पडली की आम्ही दोघी जायचो. वन्सं पदर आवळून पारड्यात बसायच्या आणि म्हातारा हमाल दुसऱ्या पारड्यात वजनं चढवायचा. पहिले दोन महिने काटा जागचा हलेना. मी तूप घातलं, शेंगदाण्याचा कूट घातला, दूध आटवलं. लोणच्या-पापडाशिवाय घास गिळेना, तर तेही भरभरून वाढलं. जेवत नसल्या की ओरडायची मी. देवा, किती ओरडले त्या पोरीला!

श्रावणात वजन वाढलं. पुढच्या आठवड्यात आणखी वाढलं. सांधेही निवळले होते. गाल भरले, डोळ्यांखाली गुबगुबीत झालं, पायात चपला बसेनात. हमाल म्हणाला, "भरली की हो पोर!" मी तिथंच त्याच्या हातावर साखर ठेवली. घरी येऊन शिरा केला. सोलापूरला जायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही. का यावा? उतरलं तर या म्हणाले होते.

नवरात्राच्या आधी कासारीण बांगड्या भरायला आली. वन्संच्या हातात नेहमीचं माप घातलं, तर बांगड्या थेट कोपरापर्यंत गेल्या. तिनं मुकाट्यानं काढल्या आणि टोपलीतून लहान पोरींचं माप काढलं. ते अलगद बसलं. दंड चाचपत ती मला म्हणाली, "वैनी, पोरीचा हात लई वाळलाय. मांसच न्हाय राहिलं." मी अशी भडकले! "कालच काट्यावर बसवून आणलंय. तुम्हाला काट्यापेक्षा जास्त कळतं व्हय?" बिचारीनं टोपली उचलली. वन्सं मान खाली घालून आपल्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिल्या.

दसरा झाला आणि त्यांना धाप लागायला लागली, म्हणून सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरूनच येईना. "हे वजन नाही, पाणी आहे," ते म्हणाले. "मूत्रपिंड धरलंय. आतलं अंग केव्हाच झडलंय." मी म्हणाले, "पण उतरलं तर या म्हणाला होतात ना?" त्यांनी नर्सला हाक मारली. त्यांचा तरी किती दोष? आडतीत वजन म्हणजे वजन, त्यात दाणा किती आणि ओल किती हे बघायची अक्कल मला सुचली नाही.

सुई लावायला नर्सनं बांगड्या काढायला सांगितल्या. मी साबण शोधत होते, तोवर वन्संनी हात नुसता खाली सोडला आणि त्या आपोआप गळून माझ्या ओंजळीत आल्या.

"कासारीण खरं बोलत होती, वहिनी. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत हो?"

"काट्यावरून उतरले की तुम्ही हसायचा. एरवी घरात कोण हसत होतं?"

आठव्या दिवशी त्या गेल्या.

बांगड्या मी ठेवून दिल्या होत्या. पुढं माझी लेक सात वर्षांची असताना तिनं एकदा डबा उघडून त्या हातात चढवल्या आणि मला दाखवायला आली. तिला त्या अगदी बरोबर बसल्या होत्या.