तो वास कुणालाच येत नव्हता

“हा वास बाहेरून येत नाहीये,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तो तुमच्या मेंदूत तयार होतोय.”

मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही एमआयडीसीच्या जवळ राहत नाही वाटतं.”

त्या रागावल्या नाहीत. कागदावर लिहून दिलं, फोकल सीझर. म्हणजे मेंदूच्या एका लहानशा भागात विजेचा गोंधळ उडतो. माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसता मिनिटभर हरवतो. हरवण्याआधी कुणाला वास येतो, कुणाच्या पोटात खड्डा पडतो. त्या सूचनेला ऑरा म्हणतात. आणि या सगळ्याला आपल्याकडे म्हणतात फिट. 

हे लिहितेय ते ज्यांना सगळे “टेन्शन घेऊ नका” म्हणून घरी पाठवतात त्यांच्यासाठी. मलाही तसंच पाठवलं होतं.

मी बेचाळीस वर्षांची. नवी मुंबईत शिरवण्याला आईबरोबर राहते. एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत डिस्पेन्सिंगला आहे. प्रत्येक बॅचला लागणाऱ्या पावडरी तोलून द्यायच्या, हे काम. मी तोलते, म्हात्रे काका तपासतात, दोघांची सही झाली की पिशवी पुढे जाते. खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. सोळा वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नाही, आणि याचा मला माज होता, लपवत नाही.

वास सुरू झाला तो जळक्या रबराचा, मागे काहीतरी गोडसर. आमच्या भागात वासाचं कुणाला काय कौतुक? दिवसा वेगळा, रात्री वेगळा, वारा फिरला की तिसराच. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. प्रदूषणाच्या ऑफिसात चार वेळा फोन केला, तिथल्या माणसाने चारही वेळा निमूट तक्रार लिहून घेतली. शेजारीण म्हणाली, मला तर नाही आला. मला वाटलं, माझा ज्या कारखान्यावर संशय, हिचा नवरा त्यातच आहे, ही कशी बोलणार. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय मला जुनीच.

मग ती चूक झाली. एकच पावडर मी त्याच बॅचसाठी दोनदा तोलली. दुसरी पिशवी बांधून सहीसाठी पुढे केली आणि म्हात्रे काकांनी पेन खाली ठेवलं. पहिली पिशवी समोरच होती, माझ्याच अक्षरातलं लेबल लावलेली. ती कधी बांधली, मला आठवेना.

काकांनी पकडली म्हणून, नाहीतर कुणाच्या गोळीत दुप्पट औषध गेलं असतं. हा विचार नंतर महिनोन्महिने माझ्या डोक्यातून गेला नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, सगळं ठीक. निदान, स्ट्रेस. किल्ली काढून घेतली आणि मला बाजूच्या खोलीत लेबलं लिहायला बसवलं. आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स करायचा, रिपोर्ट हिरवा आला की किल्ली परत. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे, बहुतेक वेळा श्वासाकडे, सावधपणे लक्ष ठेवणं. दिवाळीपासून सगळ्या कंपनीला शिफ्टआधी पाच मिनिटं डोळे मिटायला लावतच होते. मला जादा डोस.

शिकवणारा मुलगा सभ्य होता. पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवायचा, लाल-निळी. म्हणे लक्ष देणारा भाग तगडा होतो, घाबरणारा भाग शांत होतो, चुका कमी, काम जास्त. मी विचारलं, हा मेंदू कुणाचा? किती जणांचे मोजले? त्यांनाही किल्लीची धास्ती होती का? तो हसून म्हणाला, मॅम, रिसर्च आहे. मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. कंपनीने माणसं कमी केली त्या वर्षीच श्वास मोजायला कसे आले?

घरी आईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. आई दर पौर्णिमेला बुद्धविहारात जाते, वडील होते तेव्हापासून ध्यानाला बसते, कुणाला एक शब्द न सांगता. म्हणाली, आता श्वासालाही कंपनीचा बिल्ला लावला का? पण शिकवलं तिनेच. जे येतंय ते बघायचं आणि जाऊ द्यायचं. नावं ठेवायची नाहीत, पाठलाग करायचा नाही.

मला जाऊ देणं जमत नाही. मी पाठलाग केला. कालनिर्णयाची जुनी पानं उलटी करून प्रत्येक बैठकीनंतर काय आलं ते लिहायला लागले. हे ध्यान खोटं आहे याचा पुरावा जमवायचा, एवढाच हेतू. आई म्हणायची, तू ध्यानाला बसतेस की पाळतीवर?

तीन आठवड्यांत पानांवर एक गंमत दिसली. वास एकटा येत नव्हता. आधी पोटात जत्रेतला पाळणा खाली येताना होतं तसं व्हायचं. मग वास. मग वाटायचं, हे सगळं अगदी असंच आधी घडून गेलंय. आणि मग पान कोरं. त्यापुढचं मला कधीच आठवायचं नाही. आधी घाईगडबडीत हे कधी कळलंच नव्हतं.

कंपनीचं ॲप होतं. मन भरकटलं की पडद्यावर बोट टेकवायचं, कमी वेळा टेकवलं तर जास्त फुलं. ज्या दिवशी दहा मिनिटांची घंटा वाजलेली मला ऐकूच आली नाही, त्याच दिवशी पाचही फुलं मिळाली. खाली लिहिलं होतं, तुमची आजवरची सर्वात स्थिर बैठक. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि कालनिर्णयाच्या पानावर उतरवून घेतलं.

नंतर मामेबहिणीच्या साखरपुड्याला खेडजवळच्या गावी गेलो. विहिरीपाशी उभी होते आणि आला, तोच जळका रबर. आजूबाजूला मैलोन्मैल चिमणी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, शेणाचा येतोय, चुलीचा येतोय, बाकी काही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचा संशय आला.

पानं घेऊन मी नेरुळला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले, सुरुवातीला सांगितलं त्याच बाई. त्यांनी पानं एकेक करून वाचली. मग म्हणाल्या, “तुम्ही हरवता तेव्हा तुम्हाला पाहणारं कुणी आहे का? त्यांना आणा.” हे लक्षात ठेवा. आपल्या फिटचे साक्षीदार आपण नसतो.

म्हात्रे काकांना आणलं. रिटायर व्हायला वर्ष राहिलेला माणूस, पॉलिश केलेले बूट घालून आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

“ताई मदीच गप व्हतान,” ते म्हणाले. “तोंड हालवतान, पान खाल्ल्यावानी. हातमोजा वढत रातान. मना वाटला, कंपनीचा ध्यान हाय. म्हनून मी कंदी बोललो नाय.”

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. माझ्या फिटला हा भला माणूस चार महिने शिस्त समजत होता.

मग तपासण्या. ईईजी, म्हणजे डोक्याला जेल लावून तारा चिकटवतात आणि मेंदूतली वीज कागदावर उतरवतात. पहिला नॉर्मल आला. मी लगेच म्हटलं, बघा, काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, नॉर्मल आला म्हणजे फिट नाही असं होत नाही. दुसरा जागरण करवून केला, त्यात डाव्या कानशिलाच्या बाजूच्या रेघांत फिटची खूण असलेली टोकं सापडली. एमआरआय, म्हणजे त्या खडखडणाऱ्या बोगद्यातलं चित्र, त्यात त्याच जागी जुना लहानसा व्रण.

लहानपणी ताप डोक्यात गेला होता का, त्यांनी विचारलं. आईने मान खाली घातली. दोन वर्षांची असताना मला तापात मोठा झटका आला होता, अर्धा तास शुद्ध नव्हती. हे मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं. सगळे म्हणाले पोरीची जात आहे, कुठे बोलू नका, लग्न व्हायचं नाही, आई सांगत होती. लग्न तसंही टिकलं नाही, मी म्हटलं. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, तिचा चेहरा पाहवेना.

गोळी सुरू झाली. मी डॉक्टरांना रोखठोक विचारलं, ध्यानाने मेंदू बदलतो का? त्या म्हणाल्या, “काहींना शांत वाटतं, लक्ष थोडं टिकतं. मेंदूत नक्की काय बदलतं यावर अजून एकमत नाही. गोळीच्या जागी मात्र ते चालणार नाही.” इतके कमी दावे करणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. विश्वास तिथे बसला.

आठवा आठवडा संपला. एचआरच्या मॅडमने बोलावलं. स्क्रीनवर माझा आलेख चढत गेलेला, हिरवागार. सर्टिफिकेट छापून तयार आणि त्यावर डिस्पेन्सिंगची किल्ली. फाइलमध्ये स्ट्रेस होता, तो बरा झाला होता. फक्त हात पुढे करायचा होता.

खोटं कशाला बोलू, मी केला. किल्ली मुठीत घेतली. गोळी चालू आहे, काका तपासायला आहेत, कुणाला कळणार? मग ती दुसरी पिशवी आठवली, सहीसाठी मी पुढे केलेली, माझ्याच अक्षरातली.

“मॅडम, मला फिट येते,” मी किल्ली टेबलावर ठेवली. “तुमच्या ॲपने मला पाच फुलं दिली ती फिटलाच दिली.”

मॅडमने सर्टिफिकेट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाल्या, हे लिहायलाच हवं का? मी म्हटलं, हो. मी तोलते ते कुणाच्या तरी पोटात जातं.

नोकरी राहिली, किल्ली गेली. आता मी कागदपत्रं तपासते. मागून बायका काय कुजबुजतात ते माहीत आहे. गाडी चालवायची नाही, म्हणून स्कूटी भाच्याला दिली. फिटविना पुरेसा काळ गेला की तोलण्याचं बघू, डॉक्टर म्हणाल्यात. म्हात्रे काका रिटायर झाले, जाताना माझ्या हातात पेन ठेवून गेले, तेच सहीचं.

सकाळी दहा मिनिटं अजून बसते. मेंदू तगडा होतो यावर माझा विश्वास नाही. पण बुवाबाजी म्हणून मी ध्यान सोडूनही देत नाही. बसल्याशिवाय मला माझा आजार दिसला नसता, आणि संशय घेतल्याशिवाय समजला नसता. पानं अजून भरते, आता कोरं राहिलेलं एकही नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी गॅलरीत कपडे काढत होते आणि वास आला. जळका रबर. हातातला टॉवेल तसाच राहिला. पोट तपासलं, पाळणा नाही.  शेवटच्या फिटला अकरा महिने झाले होते.

“आई,” मी हाक मारली, “तुला कसला वास येतोय का?”

आई पदर नाकाला लावून बाहेर आली.

“येतोय म्हणजे काय, डोकं उठलं. मेल्यांनी काय जाळलंय कुणास ठाऊक. दार लाव आधी.”

मी दार लावलं नाही. टॉवेल छातीशी धरून तिथेच उभी राहिले आणि तो घाणेरडा वास पोटभर घेतला.