टँकर थांबला नव्हता

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला होते. आम्ही गाड्यांत बसवायच्या डब्या बनवायचो. साबणाच्या वडीएवढी डबी, आत सिमकार्ड. गाडी कुठं आहे हे ती दर मिनिटाला इंटरनेटवरून ऑफिसला कळवायची. तिचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, पण सगळा टेबलावर बसून. चालत्या गाडीत ती काय करते हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

एका उन्हाळ्यात जत भागातल्या पाण्याच्या टँकरना आमच्या डब्या बसल्या आणि थोड्याच दिवसांत ठेकेदाराच्या ऑफिसातून तक्रार आली. एक टँकर रोज एका माळावर पाऊण तास उभा दिसतो, ड्रायव्हर बहुतेक झोप काढतो. मी नकाशा उघडून पाहिला. ठिपका माळावर थांबलेला होता खरा, पण तिथून तो हळूहळू पुढं सरकत नव्हता. एकदम काही किलोमीटर लांब उगवत होता. थांबलेली गाडी अशी उडी कशी मारेल? बरं, रेंज गेली तर डबी नोंदी साठवते आणि नंतर पाठवते. त्या नोंदीही कुठं नव्हत्या. मला राहवेना. लॅपटॉप घेऊन मी जत गाठलं.

ड्रायव्हर साठीकडे झुकलेले होते. तरुणपणी मेंढरं राखलेली, मग टँकरवर आलेले. मी टँकरमध्ये चढून त्यांच्या शेजारी बसले.

"मला तपासायला पाठवलंय व्हय तुमाला?" गाडी चालू करता करता त्यांनी विचारलं.

"डबी तपासायला आलेय, मामा."

"येकच हाय ते."

लॅपटॉप मांडीवर, त्याची वायर डबीला. माळ आला. आता रेंज जाणार म्हणून मी डोळे लावून बसले, तर रेंज भरपूर! डबी इमानानं सांगत होती, पाठवलं, पाठवलं. मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"तुम्ही माळावर उभ्या आहात," तो म्हणाला.

खिडकीबाहेर बाभळी भराभर मागं पळत होत्या.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. "ह्यो बगा, रोज हितंच येतो मेसेज." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. कर्नाटकात आपलं स्वागत आहे, असं लिहिलं होतं.

"आपण कर्नाटकात आलो?"

"न्हाई वो. हद्द त्या लिंबांच्या पल्याड. आपुन हितंच हाय, फोन तेवढा रोज जाऊन येतो."

मी लॅपटॉपवर टॉवरचा नंबर पाहिला. पलीकडचाच होता. माळावर आपल्या टॉवरचा आवाज, म्हणजे सिग्नल, विरतो आणि हा जोरात ऐकू येतो म्हणून डबीनं आपला सोडून त्याला धरलं होतं. पण रोमिंगचा खर्च नको म्हणून परराज्यात इंटरनेट चालू ठेवायचं नाही, असं मीच तिला सांगून ठेवलेलं. म्हणजे रेंज होती आणि रस्ता बंद. रेंज दिसतेय म्हणून डबी नोंद पाठवत होती, आणि पाठवली म्हणून पुसून टाकत होती. कुणी ती घेतली का, हे विचारायला मी तिला शिकवलंच नव्हतं.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"धरती ते कळलं. सोडती कवा?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुढच्या गावात पोचलो. "नीरू बंतु!" पाणी आलं, म्हणत बायका घागरी घेऊन आल्या, मामा त्यांच्याशी कन्नडमधून बोलत पाइप लावत होते आणि मी लॅपटॉपवरची नजर काढत नव्हते. गावाच्या डोक्यावरच आपला टॉवर दिसत होता. तरी टँकर रिकामा होऊन आम्ही परत निघालो, बरंच अंतर गेलो, तेव्हा कुठं डबीनं पलीकडचा टॉवर सोडला. त्याचा आवाज अगदी क्षीण होईपर्यंत ती दुसरा शोधतच नव्हती. पाऊण तासाचा हिशेब लागला. मला इतका आनंद झाला, की शेजारी बसलेल्या माणसावर रोज आळ येत होता हे क्षणभर विसरायलाच झालं.

मग ठेकेदाराच्या ऑफिसला फोन लावला आणि मामांना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला. "टँकर कधीच थांबला नव्हता. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे."

"बरं, बघतो," पलीकडून आवाज आला.

मामांनी गाडी कडेला घेतली. "बगतो न्हाई. तुमी लिवून द्या."

मी वहीच्या पानावर लिहून सही केली. त्यांनी पान घडी करून लायसनच्या पाकिटात ठेवलं आणि मगच गिअर टाकला.

कुपवाडला येऊन मी प्रोग्रॅम बदलला. ऑफिसकडून पोच आल्याशिवाय नोंद पुसायची नाही. पलीकडच्या टॉवरवरूनही इंटरनेट चालू. आणि आवाज पुरता विरायच्या आधीच दुसरा टॉवर शोधायचा.

दोनेक आठवड्यांनी मामांचा फोन आला.

"ताई, काल म्या माळावर खरंच चा प्यायला थांबलो हुतो. दिसतंय व्हय?"

मी नकाशा उघडला. "दिसतंय. अकरा मिनिटं."

"लय गरम हुता," ते म्हणाले.