रिकाम्या चिमटीतला धागा

डॉक्टरसायबानं दोनी हाताच्या चिमटी केल्या आनि बाबाच्या डोयासमोर धरल्या. मधात काहीच नाई. "काका, हा धागा कोणत्या रंगाचा?"

बाबानं निरखून पाह्यलं. "पिवळा हाय साहेब. पन शेवंती ओवाले कच्चा पडन."

मागं उभी शिकाऊ पोरंपोरी फिसकन हासली. एकानं मोबाईल काढला. बाबाही हासला. त्याले वाटलं, आपल्या हाराच्या दुकानातलं गिऱ्हाईक खुश झालं.

"पाहा," सर पोरायले म्हनाले. "दारूमुळे जेवण सुटतं, बी-वन जीवनसत्त्व संपतं. नवी आठवण साठत नाही. मग रिकामी जागा मेंदू मनानंच भरतो. पेशंटला ते खरं वाटतं." मंग माह्याकडं पाहून, "पिऊन पिऊन डोक्याचं मडकं केलं तुझ्या बापानं. टिचकी मारली की वाजतं."

पुन्हा हासू.

अंजनगावात माह्या नकलेशिवाय गॅदरिंग होत नाई. मास्तर, सरपंच, कंडक्टर, म्हैस, सारे करते. लोकं हासवून हासू ओळखता येते मले. हे हासू बाबाच्या बोलन्यावर नव्हतं. बाबावर होतं.

अकोल्याच्या ह्या वार्डात बाबाची दारू तुटली. चालताना पाय अजून फाकून टाकते. मले कधी ओळखते, कधी त्याच्या मेलेल्या बहिनीच्या नावानं आक्का म्हनते. मी ओ देते.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच. सरनं चिमटी उचलल्या. मी मधात जाऊन उभी राहिली. तोंडातून सरचाच आवाज निंगाला, खाकरून, नाकातून. "पाहा, हा पेशंट खोटं बोलत नाही. त्याच्या मेंदूला इजा झाली आहे. तुमच्या मेंदूला काय झालं आहे, ते अजून कळलेलं नाही."

पोरं आधी खिदळली. मंग सरकडं पाहाले लागली.

"ए मुली, सुट्टी लिहून देऊ का बापाला?" सरनं धमकावलं.

जीवनसत्त्वाच्या सुया चालू होत्या. सुट्टी झाली तं बाबा अजून घसरनार. मले मालूम होतं. सरलेही.

"द्या ना लिहून. कावून दिली, तेही लिवा. शिकवाचं असन तं शिकवा सर, मी कुठं रोखून राहिली? पन आधी इचारा. आनि हासू नका."

मांगून बाबाच खेकसला, "सरक ना आक्का! साहेबाले धागा दाखवू दे."

मी नाई सरकली.

सर बाजूच्या खाटेकडं गेले. तिथं तिवश्याचे एक आजोबा, त्यायलेही बाबाचाच आजार. "काय आजोबा, काल लग्नात भेटलो ना आपण?"

"हो नं. पंगतीत."

पोरायचे ओठ हालाले लागले. आजोबाची म्हातारी पदर तोंडाले लावून त्यायच्या आधीच हासली. भेवानं.

मी तिथंही जाऊन उभी राहिली. वार्डाबाहीर काढतीन तं दारात उभी राहीन. बाबा मले आक्का म्हनो, का काहीच न म्हनो. ह्यायले फुकटात हासू देनार नाई.