एका घागरीसाठी सारी आळी

आमच्या कल्याणच्या आळीत किस्से शोधावे लागत नाहीत. तुम्ही एखादं चांगलं काम काढा, आळी आपणहून एकेक किस्सा तुमच्या पदरात टाकत जाते. मी शेजाऱ्यांना एकत्र आणायला निघालो होतो. शेजारी आले नाहीत, किस्से भरपूर आले. मुंबईला कॉलेजातल्या मित्रांना ते सांगतो तेव्हा ते पोट धरून हसतात. माझं मात्र सांगतानाही डोकं फिरतं.

*

काम एवढंसंच होतं. आमच्या शेजारच्या खोलीत यमुनाकाकू एकट्या राहायच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मागेपुढे कुणी नाही. गेल्या साली पडल्या आणि उजवा हात मोडला. हाडवैद्याने बांधला, पण वाकडाच बसला. विहिरीतून घागर ओढता येईना. मी कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईत, घरी वडील एकटे आणि त्यांचे गुडघे गेलेले. शनिवार-रविवारी मी काकूंचं पाणी भरायचो. इतर दिवशी त्या डाव्या हाताने लोट्या-लोट्याने ओढायच्या. आळीतल्या प्रत्येक घराने पाळीने एकेक घागर दिली असती तरी भागलं असतं.

विहीर तात्यांच्या मागच्या अंगणात. तात्या म्हणजे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार, आळीतले सगळ्यात वडील. आधी त्यांच्याकडे गेलो.

"विहीर सगळ्यांना मोकळी आहे," तात्या म्हणाले. "मी आजवर कुणाला अडवलेलं नाही."

"पण काकूंना घागर ओढता येत नाही, तात्या."

"मग त्यात विहिरीचा काय दोष?"

*

म्हटलं, एकेकट्याला भेटण्यात अर्थ नाही, सगळ्यांना एकत्र बसवू. आमच्या ओसरीवर मीटिंग ठरवली आणि आळीच्या तोंडापासून शेवटपर्यंत घरोघर जाऊन बोलावणं केलं. चटया अंथरल्या, पानसुपारी ठेवली. एक माणूस आला नाही.

वडील म्हणाले, "अरे सदू, बोलावणं कुठून सुरू केलंस?"

"तोंडापासून."

"म्हणजे तात्यांचं घर शेवटी आलं. पहिलं बोलावणं त्यांचं असतं. मग बाकीचे कसे येणार?"

संतापलो, पण म्हटलं हेही करू. पुढच्या रविवारी शेवटाकडून सुरुवात केली. तर तोंडाशी राहणारे अण्णा वकील रुसले. तिसऱ्या वेळी एका मित्राला बरोबर घेतलं. तो एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, एकाच वेळी निघालो. तात्या खूश, अण्णा खूश.

मधल्या घरातले गृहस्थ मात्र दारातच उभे होते. "वा. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी मीच शेवटचा."

*

अखेर मीटिंग भरली. तात्या आणि अण्णा यांच्यात बरीच वर्षं अबोला. कारण कुणालाच आठवत नाही, त्यांनाही नाही. पण तो मोडायचा कसा? तात्या आमच्या ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणाले, "वकिलांना म्हणावं, ठराव तुम्ही मांडा." अण्णा त्याच खांबाला म्हणाले, "शिरस्तेदारांना म्हणावं, अध्यक्ष असाल तर मांडतो." ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही ते दुसऱ्याच्या तहानेचा विचार करायला बसले होते.

ठराव एकमताने पास झाला: 'आळीतील प्रत्येक बंधूने शेजारधर्म पाळावा.' सगळ्यांनी माना डोलावल्या. पानं लावली.

मी विचारलं, "म्हणजे उद्या काकूंकडे घागर कोण देणार?"

तात्यांनी आणखी एक पान लावायला घेतलं. मग अण्णा खांबाला म्हणाले, "तो तपशिलाचा भाग झाला. तपशील पुढच्या मीटिंगला."

*

मिठागरावरची बायजा आळीत मीठ विकायला यायची. तिने काकूंना डाव्या हाताने दोर ओढताना पाहिलं. "आजे, मी आनून देऊ का पानी? माजे हात काय मोडले नाय."

काकू माझ्यासमोर तिला म्हणाल्या, "मला चालेल गं बाई. पण तुझ्या हातचं प्यायले म्हणून कळलं, तर ही विहीरसुद्धा मला बंद करतील."

मी तडक अण्णांकडे गेलो. अण्णा सुधारक. स्त्रियांच्या दुःखावर वर्तमानपत्रात लिहितात, टाउन हॉलात बोलतात, टाळ्या घेतात. त्यांना म्हटलं, "बायजाचं पाणी चालत नाही तर तुमच्या घरचं द्या. आळीत दोन घागरी पाणी देणारं घर नसेल, तर ते लेख जाळून टाका."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "विचार पटतो रे सदू. पण घरातल्या बायका ऐकत नाहीत."

आतून त्यांच्या पत्नीचा, जानकीवहिनींचा, आवाज आला. "आम्हाला विचारलंय कुणी?"

अण्णांनी उठून मधलं दार लोटून घेतलं.

*

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी मुंबईला जायला निघालो, तर आळीच्या तोंडाशी, अगदी मधोमध, पाट टाकून यमुनाकाकू बसलेल्या. मांडीशी रिकामी घागर.

स्टेशनाला जायला दुसरी वाट नाही. आणि कामाला निघताना विधवा समोर आली की आमच्या आळीतला माणूस मागे फिरतो. घरात जातो, पाटावर बसतो, घोटभर पाणी पितो आणि नव्याने निघतो. अण्णा पगडी घालून, कागदांचं बाड काखेत मारून बाहेर आले, काकू दिसल्या, आत गेले. पाणी पिऊन पुन्हा आले. काकू तिथेच. समोरच्या घरातले कारकून दोनदा आत-बाहेर झाले. दारादारांत पगड्या उभ्या राहिल्या.

"सदू, तू जा हो," काकू म्हणाल्या. "तुझी गाडी चुकेल."

मी बॅग खाली ठेवली. मला कुठेही जायचं नव्हतं.

तात्या खिडकीतून ओरडले, "यमुनाबाई, हा काय प्रकार आहे?"

"पाणी नाही, तात्या. घरात बसून करू काय?"

स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. ठाण्याला अण्णांची केस होती. खांब जवळ नव्हता, तर अण्णा सरळ तात्यांच्या खिडकीकडे बघून किंचाळले, "अहो, त्यांना पाणी द्या कुणीतरी!"

तात्यांच्या अंगणात रहाट वाजू लागला. एका घरातून घागर आली, दुसऱ्या घरातून कळशी, कारकुनांनी तर स्वतः हंडा उचलून आणला. सगळं काकूंच्या दारात नेऊन ठेवलं. काकू पाट उचलायला वाकल्या, तेवढ्यात जानकीवहिनी भरली घागर कमरेवर घेऊन शांतपणे चालत आल्या.

"झालं गं, पुरे झालं आता," काकू म्हणाल्या. "निघते मी."

वहिनींनी घागर खाली ठेवली, दारात ताटकळलेल्या अण्णांकडे एकदा पाहिलं आणि काकूंच्याच पाटावर टेकल्या.

"बसा हो काकू. घाई काय आहे?"