थांबायचा हुकूम

आमच्या गावचे माजी सैनिक दरवर्षी स्मारकापर्यंत संचलन करतात, आमचे हेसुद्धा. यंदा चढावर पुढची फुलांची जीप अचानक मागे घरंगळली. हुकूम देणारे सुभेदार तिला चुकवताना गटारात पडले. आम्ही बायका किंचाळलो, “अहो, बाजूला व्हा!” पण थांबायचा हुकूमच नाही, म्हणून ही म्हातारी माणसं पावलाला पाऊल मिळवून थेट जीपकडे चाललेली! शेवटी मीच जीव खाऊन ओरडले, “परेड, थम!”

सगळे जागच्या जागी थांबले. जीप यांच्यापुढे हातभर अंतरावर कठड्याला धडकली.

“हुकूम कुणी दिला गं?” घरी हे हसत होते. मला हसू येईना. सीमेवरही हे असेच चालत गेले असतील. तिथे ओरडायला मी नव्हते, बाई.